दुकानासाठी गाळा भाड्याने घेताना: बोलणी कशावर करायची आणि कोणत्या क्रमाने

गाळा पसंत पडला की तोंडून पहिला प्रश्न निघतो, "भाडं किती?" मालक आकडा सांगतो, आपण खालचा सांगतो, मधे कुठेतरी जमतं आणि टोकन देऊन आपण मोकळे होतो. पंधरा-वीस दिवसांनी कराराचा जाडजूड मसुदा हातात येतो. तोवर सुताराला ॲडव्हान्स गेलेला असतो, माल मागवलेला असतो, आणि मसुद्यातलं काही खटकलं तरी आता मागे फिरायची सोय उरलेली नसते.

माझा पहिला करार असाच झाला. भाडं चांगलं खाली आणलं होतं आणि त्याचा आनंद होता. दुसऱ्या वर्षी धंदा अडखळला, तेव्हा करार पहिल्यांदा नीट वाचला. लॉक-इन, म्हणजे मधेच करार सोडता न येण्याचा काळ, पाच वर्षांचं होतं, पोटभाडेकरू ठेवायला मनाई होती आणि सोडताना जागा मूळ स्थितीत करून द्यायची होती. भाड्यात जे वाचवलं होतं, ते या तीन अटींनी वसूल केलं, वर आणखी घेतलं. तेव्हापासून मी उलट टोकाकडून बोलणी करतो: गाळा सोडायची वेळ आली तर काय होईल, हे आधी ठरवतो आणि भाड्याच्या आकड्यावर नंतर येतो. खाली तोच क्रम आहे.

घरचा हिशेब

मालकाला भेटण्याआधी दोन आकडे कागदावर हवेत.

पहिला, जागेवर महिन्याला जास्तीत जास्त किती खर्च झेपेल. यात फक्त भाडं धरू नका. मेंटेनन्स, तुमच्या वाट्याला येणारा कर, विमा, विजेचा किमान आकार, हे सगळं मिळून जागेचा खर्च होतो. "भाडं विक्रीच्या इतके टक्के असावं" असे ठोकताळे कानावर पडतात, पण ते सगळ्या धंद्यांना लागू पडत नाहीत. समजा, विक्री १०० आहे आणि जागेचा खर्च १०. मालाची खरेदी वजा जाता तुमच्याकडे ३० उरत असतील, तर जागा त्यातला तिसरा हिस्सा खाते. २० उरत असतील तर अर्धा खाते, आणि उरलेल्या अर्ध्यात पगार, वीज, कर्जाचा हप्ता आणि तुमचं घर चालवायचं. तेव्हा टक्का विक्रीवर काढण्याऐवजी ढोबळ नफ्यावर, म्हणजे या उरलेल्या रकमेवर काढा. विक्रीही पहिल्या सहा महिन्यांची धरा, कमीच धरा.

दुसरा आकडा फारसं कुणी काढत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे: हा प्रयोग फसला तर एकूण किती जाईल? लॉक-इनचे महिने गुणिले जागेचा मासिक खर्च, त्यात फर्निचर आणि वायरिंगचा खर्च, जागा पूर्ववत करायचा खर्च, आणि अडकून पडू शकणारं डिपॉझिट. ही बेरीज पाहून झोप उडत असेल, तर भाडं कमी करून उपयोग नाही, लॉक-इन कमी करायला हवं.

जागेची आणि मालकाची चौकशी

फूट-दर सांगितला जातो तो कोणत्या क्षेत्रफळावर, हे विचारा आणि टेप घेऊन स्वतः मोजा. सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती आणि जिना-पॅसेजचा वाटा धरून १,००० चौरस फूट, दर १०० म्हणून सांगितला आणि आतली वापरायची जागा ६५० भरली, तर तुमचा खरा दर सुमारे १५४ झाला. दोन गाळ्यांची तुलना नेहमी कार्पेटच्या, म्हणजे या आतल्या वापरायच्या जागेच्या दरावर करा. करारातही मोजलेलं कार्पेट क्षेत्र लिहून घ्या.

वर्दळ दलालाच्या तोंडून ऐकू नका. कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी, संध्याकाळी समोर उभे राहून माणसं मोजा. त्यातली किती जण थांबतात, किती नुसती घाईत पुढे जातात, तेही पाहा. शेजारच्या दुकानदारांशी बोला. आधीचा भाडेकरू का गेला, गाळा किती महिने रिकामा आहे, मालक दुरुस्ती वेळेवर करतो का, डिपॉझिट परत देताना कसा वागतो, ही माहिती त्यांच्याइतकी कुणाकडे नसते.

विजेचा मंजूर भार तुमच्या यंत्रांना पुरेल का, पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन आहे का, तुमच्या धंद्याला त्या इमारतीत परवानगी मिळते का, हे आधी तपासा. मालकीची कागदपत्रं पाहा. मालक एकापेक्षा जास्त असतील, तर सगळ्यांच्या सह्या किंवा अधिकारपत्र हवं. जागेवर कर्ज आहे का, हेही विचारा. मालकाचं कर्ज थकलं आणि बँकेने जागा ताब्यात घेतली, तर तुम्ही नियमित भाडं भरूनही अडचणीत येऊ शकता. अशा वेळी भाडेकरूचा ताबा कायम राहील असं बँकेचं पत्र मागता येतं. लहान भाडेकरूला ते सहज मिळत नाही, पण मागितल्याने कर्जाची खरी परिस्थिती तरी कळते.

मालकाला नेमकं काय हवं आहे, हे ओळखण्यात थोडा वेळ घालवा. ज्याचं घर या भाड्यावर चालतं, त्याला वेळेवर पैसे आणि कमी कटकट हवी असते. व्यापारी संकुलाच्या मालकाचं गणित वेगळं. भाड्याने दिलेल्या मालमत्तेची किंमत तिच्या वार्षिक भाड्यावरून काढतात. खरेदीदार ८ टक्के परतावा धरत असेल, तर वार्षिक भाड्यातला प्रत्येक १ रुपया मालमत्तेच्या किमतीत साडेबारा रुपयांचा असतो. त्यामुळे असा मालक कागदावरचा दर सोडायला तयार नसतो, पण तीन महिने भाडं माफ करायला किंवा फरशी-वायरिंग करून द्यायला पटकन राजी होतो. त्याच्या दाराशी जाऊन दरावरच डोकं आपटत बसण्यात अर्थ नाही.

दलालाला मोबदला कोण देतं आणि तो भाड्यावर ठरतो का, तेही स्पष्ट करून घ्या. भाडं वाढलं की त्याचा मोबदला वाढत असेल, तर त्याचा सल्ला तेवढ्याच मापाने घ्यायचा.

टोकनच्या आधी अटींचा कागद

मुख्य अटी एका-दोन पानांवर लिहा आणि तुमच्याकडूनच पाठवा. क्षेत्रफळ, मुदत, लॉक-इन, भाडं, वाढ, डिपॉझिट, भाडं सुरू होण्याची तारीख, मेंटेनन्स, वापर, नूतनीकरण, हस्तांतरण, सोडतानाची स्थिती. वर एक ओळ टाका: सविस्तर करारावर सह्या होईपर्यंत हा कागद कुणावरही बंधनकारक नाही.

ज्याचा मसुदा असतो त्याच्या बाजूने बोलणी झुकतात. मालकाच्या मसुद्यात तुम्हाला एकेक ओळ खोडायची परवानगी मागावी लागते. तुमच्या कागदात मालकाला एकेक ओळ नाकारायचं कारण द्यावं लागतं. टोकन द्यायचंच असेल तर या कागदावर सहमती झाल्यावर, आणि अमुक तारखेपर्यंत करार झाला नाही तर ते पूर्ण परत मिळेल असं लेखी घेऊन.

बाहेर पडायच्या वाटा

लॉक-इन दोघांवर कसं लागतं, हे पहिलं पाहा. भाडेकरू पाच वर्षं बांधलेला आणि मालक मात्र तीन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळा, असे मसुदे सर्रास दिसतात. तुम्हाला याच्या उलट हवं: मुदत लांब, पण तुमच्यावरचं लॉक-इन आखूड. तुम्ही भाडं भरताय आणि अटी पाळताय, तोवर मालकाने संपूर्ण मुदतीत जागा मागायची नाही. तुम्ही मात्र समजा पहिल्या दीड वर्षानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकता. मालक म्हणेल, मग माझी सुरक्षा काय? तेव्हा ठरलेल्या वेळेआधी सोडल्यास दोन किंवा तीन महिन्यांचं जादा भाडं द्यायची तयारी दाखवा. निघण्याची किंमत माहीत असणं हे न संपणाऱ्या बांधिलकीपेक्षा केव्हाही बरं.

दुसरी वाट हस्तांतरणाची. उद्या धंदा विकावा लागला, तर खरेदीदार फक्त मालाचे आणि नावाचे पैसे देत नाही, जागेचेही देतो. करार त्याच्या नावे करता येत नसेल, तर तुमच्या विकण्याजोग्या धंद्याचं मोल बरंच घसरतं. "मालकाच्या पूर्वसंमतीशिवाय हस्तांतरण करता येणार नाही" या ओळीपुढे "आणि मालक वाजवी कारणाशिवाय संमती नाकारणार नाही किंवा लांबवणार नाही" एवढं जोडून घ्या. संमतीसाठी दिवसांची मर्यादा घाला. हस्तांतरण झाल्यावर तुमची जबाबदारी संपते की नव्या भाडेकरूने थकवलं तरी वसुली तुमच्याकडून होते, हेही त्याच कलमात साफ करा. भागीदार बदलला किंवा कंपनीचे शेअर घरातल्या माणसाच्या नावे केले, तरी ते हस्तांतरण मानलं जाणार नाही असं लिहिलेलं असावं. काही मसुद्यांत असा साधा बदलही करारभंगात मोजलेला असतो.

वैयक्तिक हमी, म्हणजे धंद्याने भाडं थकवलं तर स्वतःच्या खिशातून भरायची हमी, शक्यतो देऊच नका. कंपनी काढून धंदा करायचा आणि मग मालकाला हमी लिहून द्यायची, म्हणजे राहतं घर पुन्हा धंद्याच्या ताटात वाढण्यासारखं आहे. द्यावीच लागली तर तिला कुंपण घाला: कमाल रक्कम सहा महिन्यांच्या भाड्याएवढी, किंवा दोन वर्षं नियमित भरणा झाला की हमी रद्द, किंवा नोटीस देऊन, बाकी चुकती करून ताबा परत दिला त्या दिवसापासून हमी संपली. यांतला तिसरा प्रकार मला सर्वात न्याय्य वाटतो. मालकाला जागा लवकर मोकळी मिळते आणि तुम्ही पुढच्या भाड्याखाली चिरडले जात नाही.

"मूळ स्थितीत परत" ही ओळ दिसायला निरुपद्रवी असते. पण पोटमाळा काढणं, फरशी उखडणं, भिंत पुन्हा बांधणं याला कधी कधी जागा सजवण्याएवढाच खर्च येतो. मागणी अशी ठेवा: सुटं फर्निचर आणि पाटी आम्ही काढू, मालकाच्या संमतीने केलेलं पक्कं काम तसंच राहील, आणि रोजच्या वापराची झीज आमच्या नावावर लागणार नाही.

डिपॉझिट किती, यावर सगळे भांडतात. ते कधी आणि कसं परत मिळेल, यावर कुणी बोलत नाही. ताबा दिल्यानंतर किती दिवसांत परत मिळणार, वजावट करायची तर तपशील आणि पावत्या देऊनच करायची, उशीर झाल्यास व्याज, आणि मालकाने जागा विकली तर नव्या मालकावर ती रक्कम परत करण्याची जबाबदारी. या चार गोष्टी लेखी हव्यात. रोख अडकवायची नसेल तर काही भागासाठी बँक गॅरंटी, म्हणजे तुम्ही थकवलं तर बँक भरेल अशी तिची लेखी हमी, सुचवून पाहा.

मालकाने स्वतःसाठी ठेवलेल्या वाटाही शोधा. इमारत पाडून नवी बांधायची असेल तर करार संपवण्याचा हक्क, तुम्हाला त्याच संकुलातल्या दुसऱ्या गाळ्यात हलवण्याचा हक्क, विकताना जागा रिकामी मागण्याचा हक्क. ही कलमं बहुधा शेवटच्या पानांवर असतात. काढून टाका. निघत नसतील तर किमान सहा महिन्यांची नोटीस, हलवण्याचा खर्च, आणि तुमच्या सजावटीच्या न फिटलेल्या किमतीची भरपाई जोडून घ्या.

आता भाडं

भाडेवाढीचं गणित बोलण्यात सोपं वाटतं, म्हणून ते पूर्ण मांडतो. "दरवर्षी ५ टक्के" आणि "दर तीन वर्षांनी १५ टक्के" या दोन अटी ऐकायला सारख्या आहेत. पहिल्या वर्षाचं भाडं १०० धरा. दरवर्षी ५ टक्क्यांनी, वाढीवर वाढ चढत, नऊ वर्षांत मिळून सुमारे १,१०३ भरावे लागतात. दर तीन वर्षांनी १५ टक्क्यांनी सुमारे १,०४२ भरतात. फरक ६१ चा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या भाड्याने सात महिन्यांहून जास्त. वाढ ज्या भाड्यावर मोजायची ते मूळ भाडं की चालू भाडं, हेही ठरवून घ्या. महागाईच्या निर्देशांकाला वाढ जोडली असेल, तर वर्षाला अमुक टक्क्यांच्या वर नाही अशी कमाल मर्यादा हवीच.

भाडेमाफीचे महिने मागताना सांगून मागा: "साहेब, दर तुमचाच ठेवू. पण काम पूर्ण व्हायला दोन महिने लागतील आणि गिऱ्हाईक जमायला आणखी दोन. तेवढे महिने भाडं नको." ३६ महिन्यांच्या करारात तीन महिने माफ झाले, तर सरासरी भाडं सुमारे ८.३ टक्क्यांनी उतरलं. शिवाय हा पैसा नेमका हातात काहीच नसतं तेव्हा वाचतो. यातली खोच एकच: पुढची वाढ पूर्ण दरावर चढते. मुदत लांब असेल तर दोन्ही पर्यायांची बेरीज करून पाहा.

भाडं सुरू होण्याची तारीख सहीची नसावी. ताबा मिळाला, वीज जोडली गेली आणि आवश्यक परवाने हाती आले, यांतलं जे शेवटी होईल तेव्हापासून भाडं. परवाना ठरावीक मुदतीत मिळालाच नाही, तर डिपॉझिट परत घेऊन करार रद्द करायची मुभा ठेवा.

किमान भाड्याशिवाय विक्रीवर टक्केवारीही मागितली जात असेल, तर ती सगळ्या विक्रीवर नको, एका पातळीच्या वरच्या विक्रीवर हवी. ती पातळी काढायची रीत साधी आहे: वार्षिक किमान भाडं भागिले टक्का. १२ लाख भाडं आणि ६ टक्के असतील, तर पातळी २ कोटींची. विक्रीतून कर, परत आलेला माल आणि ऑनलाइन ऑर्डर वगळून घ्या.

मेंटेनन्स आणि दुरुस्ती

मेंटेनन्सचा वाटा कोणत्या क्षेत्रफळाने भागला जातो, हे विचारणारे फार थोडे. संकुलात १०,००० चौरस फूट भाड्याने देण्याजोगी जागा आहे, तुमची १,०००. वाटा १० टक्के. पण २,००० फूट रिकामे असताना कराराने फक्त भाड्याने गेलेल्या जागेवर भागायला सांगितलं, तर तुमचा वाटा साडेबारा टक्के होतो. मालकाच्या रिकाम्या गाळ्यांचा खर्च तुमच्या माथी येतो. भागाकार एकूण जागेनेच व्हावा.

त्याशिवाय वार्षिक वाढीला मर्यादा, हिशेब पाहण्याचा हक्क, आणि या खर्चातून वगळायच्या बाबींची यादी मागा: छत नव्याने घालणं, लिफ्ट बदलणं, मालकाच्या ऑफिसचा खर्च, दुसऱ्या भाडेकरूंसाठी दिलेली दलाली.

दुरुस्तीची वाटणी: छत, पाया, बाहेरच्या भिंती, मुख्य नळ आणि गटारं मालकाची. आतलं रंगकाम, दिवे, दार-कुलूप तुमचं. एसी जुना असेल तर त्यावर स्वतंत्र ओळ हवी, कारण मेलेलं यंत्र बदलण्याला दुरुस्ती म्हणून तुमच्या गळ्यात घातलं जातं.

वापर, पाटी, शेजार

वापराचं कलम रुंद ठेवा. "तयार कपड्यांची विक्री" लिहिलं की पुढे चपला ठेवायला परवानगी लागते. "किरकोळ विक्री आणि पूरक सेवा" लिहिलं की मोकळीक राहते. संकुल मोठं असेल, तर त्याच मालकाने तुमच्याच धंद्याला दुसरा गाळा देऊ नये अशी अट मागा. पाटीचा आकार आणि जागा, पार्किंग, माल उतरवायची वेळ हेही लिहून घ्या.

नूतनीकरण

"परस्परसंमतीने मुदत वाढवता येईल" या ओळीने काहीच मिळत नाही. संमती तर करार नसतानाही देता येते. नूतनीकरणाचा पर्याय तुमच्या हातात असावा, आणि तेव्हाचं भाडं कसं ठरेल याची रीत आज लिहिलेली असावी: ठरावीक टक्के वाढ, किंवा बाजारभाव, पण मतभेद झाल्यास स्वतंत्र मूल्यांकनकर्त्याकडून. बाजारभाव काढताना तुम्ही स्वतः केलेल्या सुधारणा त्यात धरायच्या नाहीत, नाहीतर स्वतःच्या फरशीचं भाडं तुम्हीच भराल. मुदत संपल्यावर काही दिवस जास्त राहिलात तर दीडपट-दुप्पट भाडं लावणारं कलम असतं. तिथे पहिले एक-दोन महिने जुनाच दर मागून घ्या.

समोरासमोर

एकाच गाळ्यावर जीव जडवून बसू नका. दुसरी जागा खरोखर पाहून ठेवलेली असेल, तर आवाजातच फरक पडतो, वेगळी धमकी द्यावी लागत नाही. मुद्दे एकेक करून सोडवू नका. एकेक मुद्द्यावर अर्धं-अर्धं करत गेलात, तर प्रत्येकात अर्धं गमावता. सगळ्या अटी एकत्र ठेवा आणि देवघेव करा: "तुम्हाला डिपॉझिट जास्त हवं आहे ना, एक महिन्याचं वाढवतो. पण मग हमी काढून टाकू." मागे हटताना बदल्यात काहीतरी घ्या. आणि जागेवर लगेच होकार देऊ नका, "घरी हिशेब करून उद्या कळवतो" म्हणणं पूर्णपणे रास्त आहे.

"हा आमचा नेहमीचाच करार आहे, सगळे यावरच सही करतात" हे वाक्य ऐकायला मिळेलच. शांतपणे म्हणा, "बरोबर आहे. माझे पाच मुद्दे आहेत, तेवढे पुरवणीत लिहू." नेहमीच्या कराराला हात न लावता पुरवणी जोडणं मालकालाही सोपं जातं. पुरवणीत आणि मूळ करारात विसंगती असल्यास पुरवणी ग्राह्य, ही ओळ विसरू नका.

आपत्तीचं कलम, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात कोणत्या जबाबदाऱ्या सुटतात ते सांगणारं कलम, २०२० पर्यंत फारसं कुणी वाचत नव्हतं. त्या वर्षी दुकानं सरकारी आदेशाने बंद झाली आणि अनेकांनी ते कलम उघडलं, तर त्यात "मात्र भाडं देण्याची जबाबदारी यातून वगळली आहे" असं लिहिलेलं आढळलं. आदेशामुळे किंवा इमारतीच्या नुकसानामुळे दुकान उघडता येत नसेल, तर तेवढ्या काळाचं भाडं माफ किंवा निम्मं, आणि हे ठरावीक महिन्यांच्या वर चाललं तर करार सोडायची मुभा, अशी स्पष्ट भाषा घ्या. थकबाकीच्या कलमातही आधी लेखी नोटीस आणि दुरुस्तीची मुदत हवी: पैशांसाठी १० दिवस, इतर बाबींसाठी ३०.

सही आणि ताबा

भाडेकरूंचे हक्क, मुद्रांक आणि नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून तिथला, व्यापारी करार पाहणारा वकील घ्या, आणि तो मालकाने सुचवलेला नसावा. त्याला नुसता मसुदा देऊ नका, आधी ठरलेला अटींचा कागदही द्या, म्हणजे तोंडी ठरलेलं लेखी उतरलं का हे तो ताडून पाहील. जे तोंडी ठरलं आणि लिहिलं गेलं नाही, ते ठरलं नाही असंच धरा.

ताबा घेताना मालकासोबत गाळ्यातून फिरा. भिंतींच्या भेगा, ओल, मीटरचं रीडिंग, नळ, शटर यांचे तारखेसह फोटो काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी लॉक-इन संपण्याची, भाडेवाढीची, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. नूतनीकरणाची नोटीस द्यायची मुदत मात्र दोनदा टाका, एकदा त्या दिवशी आणि एकदा तीन महिने आधी, कारण ती एका दिवसाने चुकली तरी हातातला पर्याय जाऊ शकतो.